ढग आमच्यावरून जातात, मग पडत का नाहीत?



माण तालुक्यातील एका वाचकाचे पत्र माझ्यापुढे आहे. ते लिहितात, "जुलै महिन्यात सकाळी उठून पाहावे तर पश्चिमेकडून काळे ढग येत असतात. दिवसभर डोक्यावरून पळतात. वारा असा की घरावरचा पत्रा उडेल. पण जमीन भिजत नाही. तेच ढग महाबळेश्वरला धो धो कोसळतात. आमच्यावर देवाचा कोप आहे, की झाडे तोडल्यामुळे असे झाले? आमचे पाहुणे कराडकडचे. ते जूनमध्ये सोयाबीन पेरतात आणि चांगले पिकवतात. यंदा मीही तीन एकर काळ्या रानात सोयाबीन घालावे म्हणतो. बियाण्याला पैसे उसने काढावे लागतील. आपला सल्ला कळवावा."

पत्र लहान आहे, प्रश्न मोठा आहे. त्यातून उसनवारीचा पैसा मधे आला म्हणजे नुसते "पेरा" किंवा "पेरू नका" असे एका ओळीत सांगून भागत नाही. आपल्या शिवारावर किती पाऊस पडायचा आणि केव्हा पडायचा, हे बरेचसे समुद्राने आणि डोंगराने ठरवून ठेवलेले आहे. ते एकदा नीट समजले की पुढचा निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल. तेव्हा आजचे हे पान त्यासाठीच.

सुरुवात समुद्रापासून करू. मे महिन्यात भर दुपारी अनवाणी रानात गेलात तर तळपाय पोळतात. त्याच वेळी विहिरीत उतरा, पाणी गार लागते. ऊन तर सगळीकडे सारखेच पडते. मग हा फरक का? कोरड्या मातीचा वरचा थोडासा थर तेवढा तापतो आणि तो झपाट्याने तापतो. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत एक किलो कोरडी माती चार-पाच अंशांनी तापते. शिवाय ऊन पाण्यात खोलवर शिरते, लाटांनी पाणी खालीवर होते आणि पुष्कळशी उष्णता वाफ होण्यात खर्ची पडते. म्हणून समुद्र उशिरा तापतो, आणि एकदा तापला की उशिरा निवतो. घरातील माउलींना हे मी सांगायला नको. चुलीवरून उतरवलेला रिकामा तवा लगेच निवतो, पण हंड्यातले आंघोळीचे पाणी तासाभरानेही कोमट असते.

कोकणातला माणूस हा खेळ रोज पाहतो. दिवसा जमीन तापली की तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो, मग वारा उलटा फिरून जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटे मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे, असा दर्यावर्दी लोकांचा क्रम असे. समुद्राच्या या शेजारामुळेच मे महिन्यात रत्नागिरीचा पारा ३३ अंशांच्या आसपास राहतो, तर नागपूरकर ४२-४३ अंशांत होरपळतात. थंडीतही तसेच. रत्नागिरीला जानेवारीच्या पहाटे १८-१९ अंश असतात, आणि आपल्या निफाडला काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरून द्राक्षबागायतदारांना रात्रभर बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. दोन्ही ठिकाणे महाराष्ट्रातलीच. फरक एवढाच की एकाच्या उशाशी समुद्र आहे आणि दुसऱ्याच्या नाही.

आता हाच रोजचा खेळ वर्षाच्या मापाने आणि सबंध देशाएवढा मोठा झाला असे समजा. एप्रिल-मेमध्ये भारताची जमीन तापते, वायव्येकडे राजस्थान आणि त्यापलीकडे तर तव्यासारखी तापते. दक्षिणेकडचा हिंदी महासागर त्या मानाने गार असतो. हवा समुद्राकडून जमिनीकडे धावू लागते. ज्यांच्या नावाचा धूमकेतू आहे त्या एडमंड हॅले यांनी १६८६ मध्ये मोसमी वाऱ्यांची अशी उपपत्ती मांडली होती. पुढच्या संशोधनाने तीत पुष्कळ भर पडली. पृथ्वीचे फिरणे, तिबेटचे उंच पठार, हिमालयाची भिंत, सूर्याबरोबर उत्तरेकडे सरकणारा पावसाचा पट्टा, हे सगळे त्यात आले. पण मूळ गोष्ट समुद्र आणि जमीन यांच्या तापण्यातल्या तफावतीची, ती आजही खरी आहे.

हा वारा निघतो कोठून? पार मादागास्कर बेटाच्या पूर्वेकडून, मॉरिशसच्या बाजूने. आपला उन्हाळा असतो तेव्हा तिकडे हिवाळा असतो. तेथून हवा विषुववृत्ताकडे येते, ते ओलांडते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळते. आफ्रिकेच्या पूर्वेकडील उंच डोंगर तिला आडवे येतात. ओढ्याचे पाणी अरुंद सांडीतून जोरात निघावे तशी ती सोमालियाच्या किनाऱ्याजवळून वेगाने पुढे येते. जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवरचा हा वाऱ्याचा लोंढा फाइंडलेटर नावाच्या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये तपशीलवार दाखवून दिला. तेथून अरबी समुद्रावरचा लांबलचक प्रवास करीत, वाटेत वाफ पीत पीत, तो आपल्या किनाऱ्याला लागतो. म्हणजे माणच्या आभाळातला जुलैचा ढग हा दुसऱ्या गोलार्धातून निघालेल्या वाऱ्यावर आलेला असतो. त्यातले काही पाणी अरबी समुद्राचेही असते.

आणि येथे सह्याद्री उभा आहे.

भाताचे पातेले चुलीवर असताना झाकण उचलून पाहा. झाकणाला आतून पाण्याचे थेंब लागलेले असतात. वाफ वर गेली, गार लागली, पाणी झाले. डोंगर हेच करतो. समुद्रावरून आलेली दमट हवा घाटाला थडकली की तिला वर चढण्यावाचून गती नसते. चढताना ती पसरते आणि निवते. ढग धरू लागला की शंभर मीटरला साधारण अर्धा अंश या मानाने ती थंड होत जाते, आणि जी वाफ तिच्या पोटात मावत नाही ती पावसाच्या रूपाने टाकीत जाते. ओले घोंगडे पिळावे तसा सह्याद्री हा वारा पिळून घेतो. रत्नागिरीला वर्षाला सुमारे १३० इंच पाऊस पडतो. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फूट उंचीवर, तेथे तो सव्वादोनशे इंचांच्या घरात जातो. आंबोलीला त्याहूनही जास्त.

आता घाटमाथा ओलांडून पूर्वेला उतरू. पाचगणी महाबळेश्वरपासून जेमतेम वीस किलोमीटर, पण पाऊस तेथल्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पसरणीचा घाट उतरून वाईला या, तो तीस इंचांच्या आसपास राहिलेला. आणि महाबळेश्वरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरवर दहिवडी, तेथे वर्षाला वीस इंचांच्या आत-बाहेर. आपल्याकडची माणसे एस.टी.त बसून सकाळच्या चहापासून दुपारच्या भाकरीपर्यंत एवढा प्रवास करतात. तेवढ्यात सव्वादोनशेचे वीस होतात. जगात इतक्या थोड्या अंतरात इतका फरक दाखवणारे मुलूख फार नाहीत.

असे का होते, ते पाहा. पिळलेले घोंगडे पुन्हा पिळले तर किती पाणी निघणार, हे एक कारण झाले. दुसरे कारण बऱ्याच जणांना ठाऊक नसते आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. डोंगर उतरणारी हवा दाबली जाते, म्हणून तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तसेच. ढग विरला की उतरणारी हवा शंभर मीटरला जवळजवळ एक अंश तापते. म्हणजे चढताना ती अर्ध्या अंशाने निवत होती आणि उतरताना एका अंशाने तापते. महाबळेश्वर ते वाई उतार सुमारे सहाशे मीटरांचा. तेवढ्यात ती सहा अंशांपर्यंत तापू शकते. आणि गरम हवेची तहान मोठी. ती पाणी टाकण्याऐवजी असलेले पाणीच पिऊ लागते. पावसाळ्यात तुमच्याकडे धुणे लवकर वाळते आणि जावळीत चार दिवस दोरीवर ओलेच राहते, त्याचे कारण हेच. डोंगराच्या या बाजूला आपण पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो. उन्हाची सावली पडते तशी ही पावसाची सावली.

मग तुम्हाला दिसतात ते ढग कोणते? ते असतात खालच्या थरातले, पातळ. नुसता ढग असून पाऊस पडत नाही. ढगाला उंची लागते, आत हवा जोराने वर चढावी लागते, तेव्हा बारीक कण एकमेकांत मिसळून थेंब जड होतो. जुलैत तुमच्या डोक्यावर वारा आडवा पळत असतो, उभा चढत नाही. म्हणून सोसाट्याचा वारा, काळे आभाळ, आणि पडलीच तर भुरभुर.

देवाच्या कोपाचा प्रश्न त्यामुळे उरत नाही. झाडांविषयी मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण हा समज गावोगाव आहे. झाडे हवीतच. ती माती धरतात, पाणी मुरवतात, वारा अडवतात, जनावराला सावली देतात. पण झाडे तोडली म्हणून माणदेश कोरडा झाला, असे म्हणणे खरे नाही. सह्याद्री आजचा नाही आणि त्याची सावलीही आजची नाही. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात हाच दख्खनचा पूर्वभाग होरपळला होता. माणदेशात झाडे लावा, जरूर लावा, पण लावली म्हणून महाबळेश्वरचा पाऊस इकडे सरकेल या आशेवर राहू नका.

आपल्या पूर्वजांना हे पुस्तकातून कळले नव्हते, पण कळले होते. माण-फलटण भागातील धनगर मंडळी दिवाळीच्या सुमारास मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळा तोंडावर आला की परत आपल्या कोरड्या माळावर येतात. कोकणच्या झडीत मेंढरू टिकत नाही, खुरे कुजतात. आपण ज्याला शाप म्हणतो ती पावसाची सावली त्यांच्या कळपाला चार महिन्यांचे छप्पर होते. डाळिंबाचेही तसेच आहे. कोरडी हवा त्याला मानवते.

आता महत्त्वाचा मुद्दा. पश्चिमेच्या वाऱ्याने तुम्हाला पाऊस दिला नाही, मग तुमचा वीस इंच पाऊस येतो कोठून? माणदेश, सांगोला, जत, मंगळवेढा, सोलापूर या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना विचारा. ते उत्तरा आणि हस्त नक्षत्रांची नावे घेतील. सप्टेंबरमध्ये पश्चिमेचा वारा मंदावतो. पाऊस परतायला लागतो. परतीच्या प्रवासाची सुरुवात वायव्य राजस्थानातून साधारण १७ सप्टेंबरच्या सुमारास धरतात, आणि आपल्याकडून तो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघतो. या मधल्या दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि पूर्वेकडून ओल आत येते. दुपारी जमीन तापलेली असते, वारा आडवा पळत नसतो, हवा सरळ वर चढते. ढग उंच होतो, विजा होतात, आणि तासाभरात रान भरते. म्हणजे तुमचा खरा पाऊस मागच्या दाराने येतो. तुम्ही मात्र चार महिने पुढच्या दाराशी पश्चिमेकडे तोंड करून उभे राहता.

बंगालच्या उपसागराचा हा हात विदर्भावर तर पावसाळाभर असतो. तेथून निघालेले कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगडावरून पश्चिम-वायव्येकडे सरकतात. म्हणून माणदेशातून पूर्वेला जावे तसा पाऊस पुन्हा वाढत जातो. मराठवाड्यात साधारण पंचवीस ते पस्तीस इंच, नागपूरला त्रेचाळीसच्या आसपास, गडचिरोलीला पन्नासच्या वर. एकाच महाराष्ट्राच्या दोन बाजूंना दोन समुद्र पाणी पाजतात, आणि मधला पट्टा दोघांच्याही पंक्तीत शेवटच्या पानावर बसलेला. सरकारने आता उरमोडी आणि जिहे-कठापूर या योजनांतून पश्चिमेकडचे पाणी पंपाने उचलून खटाव-माणकडे आणले आहे. डोंगराने जे अडवले ते विजेच्या जोरावर आणावे लागते, हा त्याचा अर्थ. ज्यांच्या शेतापर्यंत ते पोचले त्यांचा हिशेब वेगळा. पत्रलेखकांच्या पत्रावरून त्यांचे रान कोरडवाहू दिसते.

आता सोयाबीनकडे वळू. कराडचे पाहुणे चुकत नाहीत. कराड डोंगराच्या जवळ आहे, कृष्णा-कोयनेचे खोरे आहे, तेथे जून-जुलैच्या पावसाचा भरवसा पुष्कळ जास्त. सोयाबीनला फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना ओल हवी, म्हणजे जुलै अखेर ते ऑगस्ट. नेमक्या त्याच काळात तुमच्याकडे ढग पळत असतात. पीक वीतभर वाढेल, फुलावर येईल आणि मान टाकेल. मग सप्टेंबरमध्ये पाऊस येईल तेव्हा तुमचे काळे रान वाळक्या पिकाखाली अडकलेले असेल, त्यातली ओल त्याने पिऊन टाकलेली असेल आणि हातात रब्बीही राहणार नाही. माझे स्पष्ट मत असे की कोरडवाहू काळ्या रानात, उसन्या पैशावर, तीन एकर सोयाबीन घालू नये. फारच हौस असेल तर विहिरीच्या पाण्याखाली दहा गुंठे करून पाहा.

खरिपात काहीच करू नये असे नव्हे. हलक्या, मुरमाड रानात बाजरी, मटकी, हुलगा ही कमी पाण्यात भागवणारी पिके घ्या. त्यांचा कडबा-भुसकट जनावराला येते. काळे रान मात्र मोकळे ठेवून सांभाळा. पावसाळ्यात कुळवाच्या पाळ्या द्या, तण पाणी पिते ते काढा, आणि उताराला आडवे लहान लहान वाफे पाडून ठेवा, म्हणजे पडेल तो थेंब जागच्या जागी मुरेल. काळी माती खोल असेल तर ती पाण्याची टाकीच असते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ज्वारी पेरा. मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडून काढलेली मालदांडी, म्हणजे एम ३५-१, ही याच हवामानासाठी आहे. ती साठवलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर उभी राहते, नंतर एकही पाऊस आला नाही तरी काही ना काही पदरात टाकते. खोल रानासाठी नंतरच्या काळात फुले वसुधेसारखे वाणही निघाले आहेत. भाकरीला धान्य, गुरांना कडबा. हे पीक आपल्या वाडवडिलांनी आळसाने धरून ठेवलेले नाही.

आता दूरच्या समुद्राविषयी. दरवर्षी एप्रिलमध्ये हवामान खात्याचा अंदाज येतो आणि लगेच पारावर "यंदा एल निनो आहे, दुष्काळ पडणार" अशी चर्चा सुरू होते. हे एल निनो प्रकरण काय आहे? दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्याला एरवी समुद्र गार असतो. काही वर्षी नाताळच्या सुमारास तो तापतो. तेथल्या कोळ्यांनी त्याला बाळ येशूच्या नावाने एल निनो, म्हणजे बाळ, असे म्हटले. प्रशांत महासागराचा मधला व पूर्वेचा भाग असा तापला की हवा वर चढण्याची जागा तिकडे सरकते, आणि आपल्याकडे हवा खाली बसू पाहते. खाली बसणारी हवा पाऊस देत नाही, हे आपण वर पाहिलेच. इकडच्या आणि तिकडच्या हवेच्या दाबाचा हा झोका गिल्बर्ट वॉकर यांनी ओळखला. ते १९०४ ते १९२४ या काळात भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते आणि आपला पाऊस आधी कसा सांगता येईल याच शोधात होते.

१९७२, १९८७, २००२, २००९, २०१५ ही एल निनोची वर्षे, आणि पाचही वर्षी देशाचा पाऊस चांगलाच कमी पडला. २००९ साली तो सरासरीच्या ७८ टक्के होता. पण थांबा. १९९७ साली शतकातल्या अत्यंत जोरदार एल निनोंपैकी एक होता, आणि तरी देशात पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच पडला. कारण आपलाच हिंदी महासागर त्या वर्षी मदतीला धावला. त्याची आफ्रिकेकडची बाजू जास्त तापली आणि इंडोनेशियाकडची गार राहिली, तर आपल्याला ओल जास्त मिळते. हा प्रकार साजी आणि यामागाता प्रभृती शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. २०१९ साली तो फार जोरात होता. त्या वर्षी पाऊस ११० टक्के झाला, आणि लांबलाही इतका की ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणीला आलेली पिके रानात कुजली, हे तुम्ही विसरला नसाल. २०२३ मध्ये एल निनो होता, देशाचा एकूण पाऊस ९४ टक्के म्हणजे फारसा वाईट नव्हता, पण ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा गेला. एकूण आकडा पाहणाऱ्याला तो बरा वाटला, ज्याचे सोयाबीन फुलावर होते त्याला नाही. म्हणून एल निनोची बातमी आली तर घाबरून जाऊ नका आणि दुर्लक्षही करू नका. बियाणे-खताचा खर्च बेताने करा, कडबा विकू नका, एवढे त्यावरून घ्यावे.

आता पेरणीच्या मुहूर्ताचे. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मेला केरळात आला आणि २६ मेला मुंबईत. नेहमीची मुंबईची तारीख ११ जून. लोकांना आनंद झाला, मे महिन्यातच वळवाने रान भिजले होते, पुष्कळांनी तिफणी काढल्या. आणि मग पाऊस पंधरा-वीस दिवस जागेवरच अडकून बसला. असेच उलटे २०२३ साली झाले. अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ उठले, त्याने ओल आपल्याकडे ओढून घेतली, आणि मुंबईला पाऊस पोचायला २५ जून उजाडला. वळीव हा स्थानिक तापलेल्या जमिनीचा पाऊस. एका गावात दोन इंच पडेल, शेजारच्या वाडीत धूळ उडेल. त्याच्यामागे समुद्राची रांग उभी नसते. त्याच्यावर पेरले तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च दुप्पट. खरिपाची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर, म्हणजे तीन ते चार इंच, पाऊस झाल्यावर आणि वाफसा आल्यावरच करावी.

काही मंडळी म्हणतील, मृग नक्षत्र निघाले की पेरावे. नक्षत्र सूर्यावरून ठरते, ते समुद्राचे तापमान पाहत नाही. शिवाय नक्षत्राची तारीख इंग्रजी महिन्यात बहात्तर वर्षांना एक दिवस पुढे सरकते, ती हजार वर्षांत चौदा दिवस सरकली आहे. हुशारी जुन्या लोकांची खरीच, पण तेही नक्षत्राबरोबर वाफसा पाहत होते.

तीन इंच झाला हे कसे कळणार? तालुक्याच्या आकड्यावर विसंबू नका, कारण तालुक्याच्या ठिकाणी पडला तो तुमच्या बांधावर पडला असे नाही. सरळ उभ्या बाजूंचा, तोंड आणि बूड सारखे असलेला एखादा डबा घ्या. झाडापासून आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर, दगडांत पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यात पट्टी घालून पाणी मोजा आणि ओतून टाका. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर, आणि एक इंच म्हणजे एकरी लाखभर लिटर. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलीकडे द्या. ती वहीत तारीख टाकून नीट लिहील, आपल्यासारखी "परवा बरा झाला होता" अशी नोंद ठेवणार नाही. चार-पाच वर्षांची अशी वही झाली की तुमच्या शिवारात कोणत्या आठवड्यात पाऊस दगा देतो ते तुम्हाला कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा, माझ्यापेक्षाही, चांगले कळेल.

या वहीची गरज आता वाढली आहे, कारण समुद्रच बदलतो आहे. अरबी समुद्राचे पाणी पूर्वीपेक्षा गरम झाले आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पाऊस पडतो तो थोड्या दिवसांत, धबाधबा, आणि मधे लांब उघडीप. कोरड्या म्हणवणाऱ्या सीना नदीकाठी २०२५ च्या सप्टेंबरात पुराने शेतेच्या शेते नेली. म्हणून वाफे पाडताना जादा पाण्याला सांडवा ठेवायला विसरू नका. बांध फुटला तर पाण्याबरोबर मातीही जाते.

पत्रलेखकांना माझी एक विनंती आहे. तीन एकरांच्या तीन कोपऱ्यांत पहारीने खड्डे घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते मला कळवा. दीड फुटाच्या आत लागत असेल तर त्या रानाला मालदांडीऐवजी लवकर येणारा वाण लागेल, आणि त्याची नावे व पेरणीची तारीख मी पुढील अंकात देईन. तोवर बियाण्याचे पैसे उचलू नका.